पडद्याच्या उजव्या बाजूचा माणूस

अकोला,
९ फेब्रुवारी १९६२

प्रिय देवमन,

पाकीट फोडल्या फोडल्या तू आधी खालची सही पाहिली असशील, तुझी सवयच ती. आता वर ये आणि नीट बसून वाच. पत्र लांबलचक आहे आणि ते कचेरीत वाचू नकोस, कारण मधूनमधून तुला हसू येईल आणि शेजारच्या टेबलावरचे कारकून काय झालं म्हणून विचारतील. चार वर्षांत मी तुला दोन कार्डं टाकली, एक नागपूरला पोचल्याचं आणि एक परीक्षा पास झाल्याचं. दोन्हींना तुझं उत्तर आलं ते असं, की एका सरकारी खात्यानं दुसऱ्या खात्याला कळवावं. 'पत्र मिळाले. आनंद झाला. प्रकृतीस जपावे.' अरे, रविवारी सकाळी चारशे माणसांसमोर घसा फाटेस्तोवर बोलणारा तो माणूस कोण होता मग? तुझा जुळा भाऊ?

आधी इकडची बातमी. मला स्थळ आलं आहे. डोमाजीमामांनी आणलंय. मुलगा धामणगावला रेल्वेत पार्सल क्लार्क आहे, त्याची आई आणि तो स्वतः इथं येऊन मला पाहून गेले. येताना वरुडच्या संत्र्यांची ही एवढी टोपली घेऊन आले. माणूस चांगला आहे, देवमन, खोटं कशाला बोलू? सुपारीचं खांडसुद्धा खात नाही. हुंडा नको म्हणतो. बायकोनं नोकरी केली तर चालेल म्हणतो. मी त्याला एकच प्रश्न विचारला, सिनेमा पाहता का म्हणून. तर म्हणाला, तीन तास अंधारात बसून माणसाला मिळतं काय? यात त्याचा काही दोष आहे असं मी म्हणत नाही. आईला तर तो फार पसंत आहे. ती म्हणते, "चोवीस वर्साची घोडी झाली तू, आता काय पडद्यावरून नवरा उतरून येनार हाय का तुह्यासाठी?" अठरा तारखेला, रविवारी, आई आणि मामा माझं उत्तर घ्यायला अकोल्याला येणार आहेत. टोपलीतली संत्री मात्र मी आणि दवाखान्यातल्या माझ्या वॉर्डातल्या बायांनी मिळून दोन दिवसांत संपवली, ती परत करायची सोयच ठेवली नाही.

आता मुख्य गोष्ट. मागच्या रविवारी इथल्या एका टॉकीजला मॉर्निंग शोला ॲस्टेअर आणि जिंजर रॉजर्सचा जुना, काळापांढरा सिनेमा लागला होता. प्रिंट इतकी जुनी की पडद्यावर सारख्या रेघोट्या पडत होत्या, आणि दोघांचे आवाज डब्यात बसून बोलल्यासारखे. तरी पण, अरे, काय नाचतात! रात्रपाळी करून गेले होते, डोळे चुरचुरत होते, पण तो उठून तिच्यापुढे हात करतो ना, तेव्हा माझी झोपच उडाली. नर्स झाल्यापासून मला एक खोड लागली आहे. माणूस दिसला की मी त्याचा श्वास पाहते. इतका वेळ नाचून ॲस्टेअरची छाती एवढीही हलत नाही. दम लागत नसेल असं नाही, तो दम लपवतो. आणि तिच्याबद्दल मला पूर्वी कळलं नव्हतं ते आता कळलं. ती त्याचं ऐकते. बाकीच्या बाया त्याच्यासोबत नाचतात, ही त्यानं पावलानं जे म्हटलं ते आधी ऐकून घेते आणि मग आपल्या पावलानं उत्तर देते, कधी कधी उलट उत्तरही देते. मी इतकी रंगले, आणि तरी माझी नजर सारखी पडद्याच्या उजव्या बाजूला जात होती. तिथं कोणी नव्हतं. आग विझवायच्या वाळूच्या दोन लाल बादल्या होत्या.

तेव्हापासून जुनं सगळं आठवत बसले आहे. तुला ते पहिलं वर्ष आठवतं का, चोपन्न? अमरावतीच्या आपल्या टॉकीजच्या खुशालरावांनी इंग्रजी सिनेमे आणायला सुरुवात केली, कारण ते स्वस्तात मिळत. पण थर्ड क्लासातली माणसं दुसऱ्या रिळालाच उठून जायची. मग त्यांनी शक्कल काढली. इंग्रजी समजणारा एक माणूस पडद्याच्या उजव्या बाजूला उभा करायचा आणि त्यानं वऱ्हाडीत गोष्ट सांगत जायची. आपल्या वस्तीत तूच एकटा मॅट्रिक, वाचनालयात जाऊन इंग्रजी पेपर वाचणारा. तू गेलास. मी तेव्हा सोळा वर्षांची, आणि आई लेडीज क्लासच्या दारावर तिकिटं फाडायला, त्यामुळे मला रोजचा दरवाजा उघडा. पहिल्या रविवारी तू हातात वेताची छडी घेऊन, इस्त्रीचा सदरा घालून उभा राहिलास आणि दहा मिनिटांत माझ्या लक्षात आलं, की ह्याला अमेरिकन लोकांचं एक अक्षर कळत नाहीये. पेपरातली इंग्रजी निराळी आणि नाकातून बोललेली निराळी. पण तू थांबला नाहीस. ती बाई तोंड उघडायची आणि तू सांगायचास, "ते म्हनते, माह्या बापानं माहं लगन दुसरीकडं ठरवलं!" आणि अख्खा थर्ड क्लास हळहळायचा.

त्या मामेबहिणीच्या प्रसंगावर मी अजून एकटीच हसते. परवा इंजेक्शन देताना हसले आणि पेशंट घाबरला. कुठलासा रंगीत सिनेमा होता. नायक-नायिका पहिल्या रिळापासून कडाकडा भांडत होते, म्हणून तू खुशाल सांगून टाकलंस, हे दोघं भाऊबहीण हायत, इस्टेटीवरून वाद हाय. पाच रिळं लोकांनी भाऊबहीण म्हणून पाहिली. एका म्हातारीनं तर त्या भावाला चार शिव्याही दिल्या, बहिणीशी असा बोलतो म्हणून. आणि सहाव्या रिळात त्यानं तिला जवळ ओढून तिचा मुका घेतला. अरे बाप्पा! काय तो गोंधळ! खुर्च्या वाजल्या, कोणी पडद्यावर चप्पल फेकली, 'बंद करा' म्हणून आरोळ्या सुरू झाल्या. तू पांढराफटक. मी लेडीज क्लासातून पाहत होते. आणि मग तू ती छडी वर केलीस आणि ओरडलास, "सख्खी नाई, सख्खी नाई! मामाची पोरगी हाय थे!" आणि मग टाळ्या, देवमन, काय टाळ्या! मामाची पोरगी म्हटल्यावर कोणाची तक्रारच राहिली नाही. ती चार शिव्या देणारी म्हातारी शेजारणीला म्हणाली, "मले पहिलेच वाटलं होतं, भांडन पाहून."

पण तुझी एक गोष्ट मला तेव्हाही आवडायची आणि ती मी तुला कधी सांगितली नाही. खरे कसलेले नाचणारे पडद्यावर आले की तू गप्प व्हायचास. छडी काखेत धरायचास आणि म्हणायचास, "आता मी काईच सांगत नाई. तुमीच पाहा." आणि स्वतः भिंतीला टेकून, मान वर करून पाहत राहायचास. आपलं ते भांडण मिटलेलं नाही हे लक्षात आहे ना? तू केलीवाला, मी ॲस्टेअरवाली. तुझं म्हणणं, ॲस्टेअर साहेबासारखा नाचतो आणि केली आपल्यासारखा, घाम गाळून. आईचंही मत तुझ्याच बाजूचं. केली तिला 'पैलवान', ॲस्टेअर 'काडी' आणि पाण्यात नाचणारी एस्थर विल्यम्स 'मासोळी'. आई म्हणायची, "हा पैलवान कामाचा मानूस हाय. बैल मेला तं सोता वखर ओढीन. त्या काडीले हाडं तरी हायत का?" मी इतकी वर्षं चिडत होते, पण आता अर्धं मान्य करते. केलीचे खांदे, मांड्या, जमिनीवर पाय आपटण्याची रीत, सगळं कष्टाच्या माणसाचं आहे आणि त्याला त्याची लाज नाही. उरलेलं अर्धं मान्य करणार नाही. कष्ट करून ते दिसू न देणं याला दुप्पट कष्ट पडतात, हे तुला आमच्या वॉर्डात एक दिवस काढलास तर कळेल. ज्यूडी गार्लंडबद्दल मात्र आपल्या तिघांत कधीच वाद नव्हता. ती गायला लागली, की आई दार सोडून आत यायची आणि एक शब्द न कळता डोळ्यांना पदर लावायची. तू विचारलंस, मावशी, सांगू का काय म्हणते ते? तर म्हणाली, "नोको सांगू. मले समजून राह्यलं."

आणि रऊफचे ते बूट! रऊफ नालबंद अजून बैलबाजाराजवळच बसतो का? त्याला माझा सलाम सांग. ठेका धरून वाजणारा तो नाच पाहून तू महिनाभर विचार करत होतास, की बुटांतून असा आवाज निघतो कुठून. शेवटी रऊफला शोला आणलंस. त्यानं दोन मिनिटं पाहिलं आणि सांगितलं, "अरे, पत्री मारेली है! एक आगे, एक पीछे. बैल के एक खुर कू भी दोच लगते." त्याच्या धंद्याच्या हिशेबानं बरोबरच होतं ते! दुसऱ्या दिवशी त्यानं बैलाच्या खुरांच्या चार लोखंडी पत्र्या तुझ्या काळ्या बुटांना ठोकून दिल्या, कानसीनं घासून वगैरे. ते बूट घालून तू आमच्या बोळातून गेलास तेव्हा आई म्हणाली, "कोनाची बैलजोडी सुटली पाहा बरं." तू ते बूट फक्त टॉकीजमध्ये घालायचास, गुपचूप, उभ्या उभ्या पाय बदलताना एखादा खटका वाजायचा तेवढाच. मग तो रविवार आला. ॲस्टेअरचा नाच सुरू झाला आणि आवाजाचं यंत्र बंद पडलं. नुसता मुका माणूस पडद्यावर पाय हलवतोय. लोक ओरडायला लागले. आणि उजवीकडून आवाज सुरू झाला, खट खट खटाखट. तू वाजवत होतास. तो सिनेमा तुझा नऊ वेळा पाहून झालेला, पावलं पाठ. दिसायला तू भयंकर नाचत होतास, खरं सांगते, कोंबडी तापल्या राखेवर पडावी तसा. पण डोळे मिटून ऐकलं तर एक ठेका चुकत नव्हता. चारशे माणसं पडद्याकडे पाहत होती आणि मी एकटी तुझ्याकडे. मग लोखंड फरशीवरून सटकलं आणि तू हनुवटीवर आपटलास, थेट फुटाणेवाल्याच्या टोपलीत.

रक्त बघून बाकीच्या बाया ओरडल्या, मला काही झालं नाही. मी पदर फाडून तुझी हनुवटी दाबून धरली, टांग्यातून दवाखान्यात नेलं, टाके घालताना तुझं डोकं मीच धरलं. डॉक्टरनं विचारलं, ही कोण, नर्स का? पट्टीनं तुझं तोंड बांधलेलं, आठ दिवस बोलायचं नाही असं सांगितलेलं. आणि चौथ्या दिवशी तू आमच्या घरी आलास आणि माझ्या हातात कागदाचा चिटोरा दिलास. 'नागपूरला नर्सिंगचे शिक्षण मिळते. फॉर्म आणू का?' बोलता येत नव्हतं म्हणूनच तू ते विचारू शकलास, असं मला आता वाटतं. तोंड उघडं असलं, की तू मला एकच वाक्य बोलायचास, "जेवली का?" सकाळी आठ वाजता भेटलास तरी जेवली का, नळावर भेटलास तरी जेवली का. मला कधी कधी वाटायचं, या पोराला माझ्यात एक पोट सोडून काहीच दिसत नाही की काय.

फॉर्म आला, भरला, बोलावणंही आलं आणि आई अडून बसली. तिचंही चुकत नव्हतं. बाबा गेल्यावर माझ्याशिवाय तिला होतं कोण? छप्पन साली आपण सगळे दीक्षेला नागपूरला गेलो तेवढंच तिचं नागपूर. तो दिवसही रविवारच होता, आठवतं? तुझ्यासकट अर्धा थर्ड क्लास नागपूरला, खुशालरावांनी रिकाम्या बाकांना सिनेमा दाखवला आणि नंतर तुला म्हणाले, पडदा मुका होता रे त्या दिवशी. बाबासाहेबांनी पोरींना शिकवा म्हणून सांगितलं, हे आईच सगळ्या वस्तीला सांगत फिरायची. पण स्वतःची पोरगी एकटी परगावी पाठवायची वेळ आली तेव्हा म्हणाली, "दुसऱ्याईच्या पोरी शिकू दे पहिले. माही एकच हाय." मी चार दिवस जेवले नाही. मामांनी समजावलं, तिनं ऐकलं नाही. तुला मी म्हटलं, तू तरी बोल ना आईशी, तुझं ऐकेल ती. तू आलास, ओसरीवर बसलास, पाणी प्यालास, आईला विचारलंस, "मावशी, जेवल्या का?" आणि उठून गेलास. इतकी चिडले होते मी तुझ्यावर!

त्यानंतरचा रविवार. त्या दिवशीचा सिनेमा अगदीच टुकार होता. नायक म्हणजे केलीची नक्कल करणारा कोणीतरी, त्याचं नावही लक्षात राहिलं नाही. पण त्यात एक लठ्ठ बाई होती, कमरेला किल्ल्यांचा जुडगा, सारखी दारात उभी. ती दिसल्याबरोबर तू सांगितलंस, "हे पोरीची माय हाय. नवरा मेला तवापासून हिनं एकटीनं पोरगी वाढवली." झालं, आई दारातून आत सरकली. पुढं पोरगी पेटी भरते, माय तिला अडवते, खूप बोलते, आणि तू सांगतोस, "माय म्हनते, पोरी, म्या सारी जिंदगी दुसऱ्याईच्या दारात उभं राहून काढली. तू आत जाय. शिक. माही चिंता करू नोको, म्या काई एकटी नाई, वस्ती हाय माह्यामांगं." आई त्या अंधारात ढसाढसा रडली. दार तसंच सताड उघडं आणि बिनतिकिटाच्या चार बाया आत घुसल्या. घरी येताना वाटेत ती मला एवढंच म्हणाली, "त्या गोऱ्या बाईले समजते, मले समजू नये का?" आठव्या दिवशी मी गाडीत बसले. बडनेऱ्यापर्यंत पोचवायला सगळी वस्ती आली होती, तूही होतास, मागं, एका खांबाजवळ. जेवली का विचारलं नाहीस तेवढंच.

आता नागपूरचं ऐक. साठ सालच्या दिवाळीत तोच टुकार सिनेमा तिथं परत आला. माझ्या खोलीत अन्नम्मा म्हणून केरळची मुलगी होती, मिशनच्या शाळेत शिकलेली, इंग्रजी तिला मातृभाषेसारखी. मी हट्टानं तिला घेऊन गेले, म्हटलं बघ, यातल्या आईमुळे मी इथं आले. किल्ल्यावाली बाई पेटीपाशी आली आणि बोलायला लागली. मला रडू फुटलं. अन्नम्मा माझ्याकडे वेड्यासारखी बघायला लागली. ती बाई नायिकेची आई नव्हतीच, देवमन. ती त्या घराची मालकीण होती आणि सांगत होती, की खोलीत कुत्रा पाळायची परवानगी नाही! अख्खं भाषण कुत्र्यावर होतं. मी इतकी हसले, इतकी हसले, की मागच्या लोकांनी हाकलायचं बाकी ठेवलं. म्हटलं वा रे देवमन! ओसरीवर तोंडातून शब्द फुटत नव्हता आणि टॉकीजमध्ये आईला सगळ्यांच्या देखत पटवून गेलास.

आणि मग शेवटचं रीळ आलं, स्टेशनचं. ती गाडीत बसलीय, तो खाली उभा. त्या रविवारी अमरावतीत तू इथं काय सांगितलं होतंस ते मला शब्द न शब्द पाठ होतं. "तो म्हनते, जाय तू. शिकून ये. किती बी वर्सं लागू दे. मी अठीच उभा हाय." तेव्हा मला ते 'इथंच उभा आहे' सिनेमातलं वाटलं होतं. छान बोलला बिचारा, एवढंच मनात आलं होतं. आता मी अन्नम्माला विचारलं, काय म्हणाला गं तो? ती म्हणाली, तुझी छत्री राहिली म्हणाला. मी म्हटलं, आणि? ती म्हणाली, आणि काही नाही, गाडी सुटली. मी तिला परत विचारलं, ती वैतागली. त्या वेळी मला हसू आलं नाही. दिवे लागले, लोक उठले, तरी मी खुर्चीतच बसून होते.

त्याला सव्वा वर्ष झालं. दोन वेळा सुट्टीत अमरावतीला येऊन गेले. खुशालरावांनी इंग्रजी शो बंद केला होता, तू कचेरीत लागला होतास, छडी कुठं ठेवलीस ते विचारायचं राहिलं. दोन्ही वेळा तू भेटलास आणि दोन्ही वेळा विचारलंस, जेवली का. मी मनात म्हणत होते, आता बोलेल, मग बोलेल. नाही बोललास. मग मला शंका यायला लागली. आईची समजूत काढायला तू भाषण रचलंस हे तर उघडच आहे. पण पुढचं वाक्यही त्याच गोष्टीचा भाग म्हणून ठोकून दिलं असशील तर? सांगणाऱ्याला काहीतरी सांगावंच लागतं, पडद्यावर माणसाचं तोंड हलतंय आणि लोक वाट बघतायत. सख्ख्या बहिणीला मामेबहीण करणारा माणूस तू, तुझ्या एका वाक्यावर मी घर बांधायला निघाले, असं व्हायचं! मुलगी असून हे कसं विचारावं म्हणून मी गप्प, आणि तू तर बोलून चालून गप्प. अशात वरुडची संत्री घरी येऊन पोचली.

तर हे पत्र त्यासाठी. आज सकाळी मी मामांना पत्र टाकलं, धामणगावला नाही कळवा म्हणून. त्यात तुझं नाव नाही. तुझं उत्तर काय येईल ते मला ठाऊक नाही आणि तुझ्या उत्तराची वाट पाहून मी त्या भल्या माणसाला टांगून ठेवणं बरोबर नाही. तू नाही म्हणालास तरी माझी नोकरी आहे, वॉर्ड आहे, मी रडेन थोडी आणि ठीक होईन. अठराला आई आणि मामा इथं येतील, फार रागावतील आणि विचारतील, मग तुझ्या मनात आहे तरी कोण? मी तुझं नाव सांगणार आहे. स्वतःच्या तोंडानं सांगणार आहे. पण आईला कळायच्या आधी तुला कळलं पाहिजे, म्हणून आधी तुला सांगते. मला तू आवडतोस, देवमन. हनुवटीला टाके घालताना तुझं डोकं धरलं होतं तेव्हापासून आवडतोस. मला तुझ्याशी लग्न करायचं आहे. हे कोणी दुसऱ्यानं म्हटलेलं नाही, कुठल्या सिनेमातलं नाही, हे मी म्हणते आहे. तुला होय म्हणायचं असेल तर अठराला सकाळच्या गाडीनं ये. फार बोलता आलं नाही तरी हरकत नाही, आईसमोर जे बोलायचं ते मी बोलेन. तू फक्त माझ्या शेजारी उभा राहा.

तुझीच,
पंचफुला